रात्री लाईट गेली तेव्हा कोळंबी वाचली, मग आता का मरायलीय?

तळ्यावरचा_दादू
नमस्कार मंडळी. इथं ऊस, म्हैस, मोटर सगळ्यावर धागे हायत पण कोळंबीवर एक बी दिसला नाही, म्हणून नवीन काढतोय. आमची जमीन शिरोळ तालुक्यात, क्षारपड, ऊस लावला तर हातभर वाढून पिवळा पडतो. म्हणून तिथं शेततळं मारलं, कागद टाकला आणि बोअरच्या मचूळ पाण्यात व्हन्नामेई (तळ्यात वाढवतात ती कोळंबीची जात) सोडली. वाढ चांगली चालली होती. मागच्या आठवड्यात मध्यरात्री लाईट गेली, पाण्यात हवा मिसळणारे एरेटर बंद. लाईट परत आली पण राखणीचा पोरगा गाढ झोपलेला, स्टार्टर दाबायला कोण नाही. पहाटे गेलो तर सगळी कोळंबी कडेला आलेली, बरीचशी पाण्याच्या वरच्या थरात, बॅटरी मारली तर नुसते डोळे चमकत होते आणि मिशा वर. एरेटर चालू केले, ऊन पडल्यावर हळूहळू खाली गेली. मेलेली अगदी थोडी. म्हटलं सुटलो.

आता इतक्या दिवसांनी रोज सकाळी चेक ट्रेमध्ये (फीड खाल्लं का बघायला तळ्यात सोडतो तो ट्रे) मेलेली सापडायलीय. एरेटर सगळे चालू हायत, पाण्याला वास नाही. औषधवाला म्हणतो हा रोग आहे, लाईटचा आणि ह्याचा काय संबंध नाही. माझा प्रश्न एवढाच, ऑक्सिजन कमी पडून मरायची असती तर त्याच रात्री मरायला पाहिजे होती का नाही? एवढ्या उशिरा कशी मरंल?

पांढरा_रस्सा
शिरोळात कोळंबी?? भावा आधी लोकेशन टाक, ऑक्सिजनचं मागनं बघू 😄

बिंदू_चौक
+१. मटणाचा दर बघता आता कोळंबीच परवडंल.

खाडीकाठ
दादूभाऊ, मी मूळचा देवगडकडचा, हल्ली नोकरीमुळे कोल्हापुरात, पण घरची तळी अजून भाऊ बघतो. आधी एवढं सांगा म्हणजे बोलता येईल. मेलेली कोळंबी कडक कवचाची की मऊ? शेपटीचं मांस काचेसारखं दिसतं की पांढरट झालंय? ट्रेमध्ये फीड उरतंय का? आणि डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) पहाटे किती, दुपारी किती, तो वरच्या पाण्यातला की तळाचा?

नुसतं "मरतेय" म्हटलं तर उत्तर द्यायला आम्ही काय ज्योतिषी नाही.

तळ्यावरचा_दादू
मऊ कवचाची जास्त. काहींची शेपूट पांढरी पडलीय, आधी मला वाटलं उकडल्यासारखी दिसते. फीड उरतंय, आधी ट्रे चाटूनपुसून साफ असायचा. मीटर नाही, थेंब टाकून रंग बघायचं किट आहे, त्यावर पहाटे ३ च्या आसपास येतोय. दुपारी १२ च्या वर जातोय म्हणून मी निवांत होतो. पाणी वरचंच घेतो, कडेला बसून.

अॅक्वा_मित्र
दादा हा सरळ सरळ व्हायब्रिओ बॅक्टेरियाचा प्रॉब्लेम आहे. ऑक्सिजनचा इशू असता तर एका रात्रीत तळं साफ झालं असतं, मी असली तळी पाहिलीत. प्रोबायोटिकचा डोस वाढवा, फीडमध्ये लसूण आणि व्हिटॅमिन सी द्या, फरक नाही पडला तर अँटिबायोटिक फीडमधून चालू करा. इनबॉक्स करा, प्रॉडक्ट सांगतो.

खाडीकाठ
आला बघा इनबॉक्सवाला.

अँटिबायोटिकचं नाव बी काढू नका. क्लोरॅमफेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही औषधं आपल्याकडे कोळंबीत वापरायला बंदी आहे आणि निर्यातीच्या मालात अंश सापडला तर अख्खा कंटेनर परत येतो. एका तळ्यापायी बाकीच्यांचा दर पडतो.

झूलॉजी_मास्तर
रिटायर झालोय पण विषय माझा, म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

दादू, तुम्ही आणि तुमचा औषधवाला दोघंही अर्धे बरोबर आहात. कोळंबीला ऑक्सिजन कमी पडला की ती लगेच मरत नाही, आधी बरंच काही करून बघते. तिच्या कल्ल्यांपाशी पाणी ओढणारा एक छोटा पाळीसारखा अवयव असतो, तो सतत हलत असतो. पाण्यात ऑक्सिजन उतरला की आधी त्याची हालचाल वाढते, म्हणजे जास्त पाणी कल्ल्यांवरून फिरवलं जातं. त्यानं भागलं नाही की ती जागा बदलते, तळ सोडून वर येते, कडेला येते, कारण हवेला लागून असलेल्या थरात थोडा तरी ऑक्सिजन असतो. तुम्ही पहाटे पाहिलंत ते हेच. आणखी कमी झाला की मग ती हालचालच थांबवते, हृदयाचे ठोके मंदावतात, खाणं तर त्याच्या खूप आधी बंद झालेलं असतं. साधारण ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन असेल तर ती मजेत, ३ च्या खाली गेला की खाणं आणि वाढ दोन्ही मार खातात, १ च्या आसपास गेला की जीवावर येतं.

आता रक्त. आपलं लाल, लोहामुळे. कोळंबीच्या रक्तात हिमोसायनिन, त्यात तांबं. ऑक्सिजन धरलेला असला की निळसर, सोडला की रंग जातो. हे हिमोसायनिन पेशीत नसतं, सरळ रक्तद्रवात विरघळलेलं असतं आणि रक्तातलं बहुतेक प्रथिन तेच. उपासमार झाली तर कोळंबी तेच प्रथिन मोडून खाते. म्हणजे जी खात नाही, तिची ऑक्सिजन वाहायची गाडीच लहान होत जाते.

बाकीचं जेवून लिहितो.

पांढरा_रस्सा
निळं रक्त म्हणजे कोळंबी छत्रपती घराण्यातली निघाली की 😂 मास्तर जेवा सावकाश

कुरुंदवाडची_सून
मास्तर येईपर्यंत मी एक विचारते. दादूभावजी, ऑटो स्टार्टर का नाही बसवला? आमच्या विहिरीच्या मोटरीला सुद्धा ऑटो हाय, लाईट आली की आपोआप चालू. नुसत्या उसाला पाणी पाजायला आपण ऑटो बसवतो आणि इथं लाखाची कोळंबी पोराच्या झोपेवर सोडली?

तळ्यावरचा_दादू
वैनी ऑटो होता, पण फेज कमी-जास्त होऊन दोनदा मोटर जळायला आली म्हणून वायरमननं काढून ठेवला, म्हणाला हातानं चालू करत जा.

मोटर_वाइंडिंग
मग सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) टाकायचा ना लेका, ऑटो काढायचा नाही. दोन्ही असलं की मोटर पण वाचते आणि कोळंबी पण. आणि एरेटर शेतीच्या फीडरवर असतील तर तुला आठ तासाच्या पाळीनं लाईट, ते कोळंबीला कसं चालणार? तिला रात्रीच पाहिजे.

झूलॉजी_मास्तर
आलो. तुमचा मूळ प्रश्न, त्याच रात्री का नाही मेली.

ऑक्सिजनशिवाय शरीर चालवायचं तर साखर अर्धवट जाळावी लागते, त्यातून लॅक्टिक आम्ल (लॅक्टेट) साचतं. त्यासाठी साखर लागते, ती सोडायचा हुकूम डोळ्याच्या देठातल्या ग्रंथीतून एक संप्रेरक देतं. (हॅचरीत माद्यांनी अंडी द्यावीत म्हणून एका डोळ्याचा देठ कापतात, तो ह्याच देठातल्या दुसऱ्या संप्रेरकासाठी. कोळंबीचा निम्मा कारभार डोळ्याच्या देठातून चालतो.) निसर्गाची गंमत अशी की साचलेलं लॅक्टेट हिमोसायनिनची ऑक्सिजन पकडायची ताकद थोडी वाढवतं, म्हणजे अडचणीतून थोडी मदत निघते. पण सकाळी एरेटर चालू झाला म्हणून लॅक्टेट लगेच संपत नाही, ते निस्तरायला कित्येक तास जातात आणि त्याला पुन्हा जास्तीचा ऑक्सिजन लागतो.

तालमीतला
मास्तर हे कळलं बघा. मैदानात कुस्ती चितपट होते पाच मिनिटात पण मांड्या भरून येतात त्या दुसऱ्या दिवशी पण उठू देत नाहीत. तसंच ना?

झूलॉजी_मास्तर
दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचं कारण वेगळं असतं पैलवान, ते लॅक्टेट नव्हे. पण चालू कुस्तीत दम तुटतो आणि हात जड होतात, ते बऱ्यापैकी तसंच.

आता मुख्य मुद्दा. कोळंबीला आपल्यासारखी अँटिबॉडी नसते. जंतूशी लढायला तिच्याकडे रक्तपेशी आणि काही रसायनं, बस्स. कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या कोळंबीवर प्रयोग झालेत, त्यात रक्तपेशींची संख्या खाली आली आणि त्याच कोळंबीला व्हायब्रिओ टोचल्यावर ती साध्या कोळंबीपेक्षा जास्त मेली. व्हायब्रिओ काय बाहेरून येत नाही, तो तळ्यात कायम असतोच, गाळात, पाण्यात, कोळंबीच्या आतड्यात. धडधाकट कोळंबी त्याला दाबून ठेवते. त्या रात्रीनंतर तुमच्या कोळंबीत ते बळ राहिलं नाही. म्हणजे औषधवाल्यानं रोग बघितला तो खरा, पण त्याला दार उघडून दिलं ते लाईट गेलेल्या रात्रीनं. आणि त्यानंतरही तुम्ही पहाटे ३ वर चालवताय, म्हणजे दार अजून उघडंच आहे.

शेपटीचं मांस पांढरं पडणं हेही अशा ताणाचं लक्षण आहे. स्नायूचे तंतू मरतात. थोडं असेल तर भरून येतं, जास्त असेल तर नाही.

अॅक्वा_मित्र
सर मग मी तेच तर म्हणालो, व्हायब्रिओ.

खाडीकाठ
तुम्ही म्हणालात ऑक्सिजनचा इशू नाही. मास्तर म्हणतायत सुरुवात ऑक्सिजननंच झाली. एवढाच फरक.

बिंदू_चौक
मला ह्यातलं काय कळत नाही पण पंचगंगेत दर उन्हाळ्यात मासे मरतात ते पण असंच का? बातमीत फोटो असतो, तेरवाड बंधाऱ्यापाशी पांढरा थर. तेव्हा पण कोण म्हणतं विष टाकलं, कोण म्हणतं सांडपाणी.

झूलॉजी_मास्तर
बहुतेक वेळा शेवटचा घाव ऑक्सिजनचाच असतो. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी उभं राहतं, त्यात सांडपाणी किंवा मळी आली की जंतू ते कुजवायला लागतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. वर केंदाळ असेल तर उजेड खाली जात नाही, हवाही नीट मिसळत नाही. कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यात पण एखाद्या सकाळी मासे तरंगतात ते बहुतेक ह्याच कारणानं.

बिंदू_चौक
म्हणजे शहराचा सगळा मैला नदीत आणि दोष माशाच्या नशिबाला. नंतर पंचनामा आणि पाण्याचे नमुने, झालं काम.

अॅडमिन_आक्का
पंचगंगेवर वेगळा धागा आहे, तिकडं जा. इथं कोळंबी.

खाडीकाठ
मासा आणि कोळंबी ह्यात एक फरक सांगतो, तो धंद्यात महाग पडतो. मासा गुदमरला की वर येऊन तोंड काढतो आणि मेला की बऱ्याचदा तरंगतो, लांबून दिसतं. कोळंबी मेली की तळाला जाते आणि बाकीच्या तिला खाऊन टाकतात. तुला ट्रेमध्ये दिसतात त्या थोड्या, तळाला किती गेल्या त्याचा हिशोब नाही. म्हणून आमच्याकडे जुनी माणसं तळ्यावर गेल्यावर पहिल्यांदा बगळे बघतात. पहाटे काठावर बगळ्यांची रांग लागली म्हणजे कोळंबी वर आलीय, मीटर नंतर लाव.

दुसरं मऊ कवचाचं. कात टाकताना कोळंबीला ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त लागतो आणि त्याच वेळी तिला श्वास घेणं अवघड असतं. व्हन्नामेई बऱ्याचदा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास एकदम कात टाकते, सगळ्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे. तुझी ती रात्र कुठल्या तिथीला होती बघ. त्या दिवसात डीओ ४ च्या खाली गेला तर मऊ कोळंबी मरते आणि तिला खायला कडक कोळंबी टपलेलीच.

कुरुंदवाडची_सून
पंचांग काढून बघितलं. दादूभावजी म्हणतात ती रात्र अमावास्येच्या आदल्या दिवशीची असावी. आमच्या सासूबाई म्हणाल्या मी सांगितलेलंच, अमावास्येला लाईट जातेच.

पांढरा_रस्सा
सासूबाईंना डीओ मीटर म्हणून नेमा.

काळी_माती
मला एक खटकलं. दादू म्हणाला दुपारी १२ येतोय म्हणून निवांत. मी कृषी पदवीधर आहे, तळ्याचा अनुभव नाही पण हे वाचून माहीत आहे. ३० अंश तापमानाला समुद्रसपाटीवर गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागं जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सहाच्या थोडा वर. आपण तर साडेपाचशे मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी, त्यामुळे आणखी सहा टक्क्यांच्या आसपास कमी. म्हणजे तुझ्या मचूळ पाण्यात सात धर फार तर. मग १२ कुठून आला? शेवाळातून. पाणी हिरवंगार झालंय. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ओढतं. दुपारी जितकं वर, पहाटे तितकं खाली. १२ म्हणजे चांगलं नाही, ती धोक्याची खूण.

कोकणातल्या पुस्तकातला तक्ता इथं जसाच्या तसा लावू नका एवढंच.

खाडीकाठ
अगदी बरोबर. आणि एक, तळ्यातला ऑक्सिजन कोळंबीच सगळा खाते हा गैरसमज आहे. तिचा वाटा लहान, मोठा वाटा शेवाळ आणि तळाच्या गाळाचा. त्यात आभाळ आलं किंवा शेवाळ एकदम मेलं तर दिवसाची कमाई बंद आणि कुजायला अजून माल. पावसाळ्यात दोन-तीन दिवस सूर्य नाही दिसला तर आमच्याकडे भाऊ रात्रीचा झोपतच नाही.

तळ्यावरचा_दादू
मग काय करू ते सांगा की. पाणी बदलू? गोळ्या टाकू? बोअरला पाणी हाय पण त्यात पोटॅश टाकून बसवायला वेळ लागतो.

अॅक्वा_मित्र
ऑक्सिजनच्या गोळ्या माझ्याकडे आहेत, रात्री टाकून ठेवायच्या.

खाडीकाठ
गोळ्या किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ही रात्री बेरात्री जीव वाचवायला, घरात ठेवावीत नक्की, पण रोजचा इलाज नव्हे. रोज गोळी टाकायची वेळ येते म्हणजे एरेटर कमी आहेत किंवा फीड जास्त आहे. साधारण चारशे-पाचशे किलो कोळंबीमागं एक हॉर्सपॉवर धरतात, तुझा माल किती झाला त्याचा हिशोब कर. सोडताना पुरत होते ते आता पुरतील असं नाही.

झूलॉजी_मास्तर
बोअरचं पाणी घाईनं सोडू नका. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम बहुतेक फार कमी असतं, नुसतं खारट लागलं म्हणून ते समुद्राचं होत नाही. ताणात असलेल्या कोळंबीला आणखी एक धक्का कशाला? आणि बोअरमधून वर आलेल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, ते आधी उंचावरून पाडून हवा खेळवूनच आत घ्यायचं. क्षारपड जमिनीतल्या पाण्यावर कोळंबी वाढवायचं काम केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतकच्या केंद्रावर बऱ्याच वर्षांपासून चालतं, हरियाणा-पंजाबात शेतकरी करतात. पाण्याचा रिपोर्ट काढून त्यांना किंवा मत्स्यविभागाला दाखवा.

फीडचं. पोट भरलं की पचवायलाच ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणून फीड आता निम्म्यावर आणा, पहाटेचं आणि रात्री उशिराचं बंद. सकाळी डीओ ४ च्या वर गेल्याशिवाय पहिला घास नाही.

अॅक्वा_मित्र
फीड निम्मं केलं तर वाढ थांबेल, मग काउंट (किलोत किती नग) कसा येणार? ३० चा माल ५० वर विकावा लागेल.

खाडीकाठ
ती खातच नाही तर वाढ कुठली? ट्रेमध्ये उरलेलं फीड तळाला जातं, कुजतं, परत ऑक्सिजन खातं. पैसे टाकून गाळ करायचा धंदा. मेल्यावर काउंट कुणाचा मोजणार?

आणि दादू, कागदाच्या तळ्यात एरेटरच्या फिरण्यानं घाण मधोमध गोळा होते. एरेटर बंद पडून पुन्हा एकदम सगळे चालू केले की ती घाण ढवळते, त्यातला कुजका वायू, सडक्या अंड्याच्या वासाचा, पाण्यात मिसळतो. तो श्वासच मारतो. एक-एक करून चालू करायचे, आधी कडेचे. मधली घाण सायफननं काढ. आणि डीओ कडेला बसून वरचा नको घेऊ. बाटलीला दगड आणि दोरी बांधून तळापासून हातभर वरचं पाणी आण, पहाटे ४-५ ला. खरा आकडा तिथं.

तळ्यावरचा_दादू
आज पहाटे तसंच केलं. बाटलीला दोन दोऱ्या, एक बुच ओढायला. वर ३.५ आणि खाली जेमतेम २. बघून घामच फुटला. बुच काढल्यावर पाण्याला हलका वास पण आला. फीड बंद केलंय आज पूर्ण, भाड्यानं दोन एरेटर आणायला जयसिंगपूरला माणूस पाठवलाय.

झूलॉजी_मास्तर
२ म्हणजे ती रोज रात्री गुदमरत होती, लाईट गेली तेव्हाच नव्हे. त्या रात्री फक्त ती तुम्हाला दिसली.

काळी_माती
हे मस्त सापडलं पण.

मोटर_वाइंडिंग
दादू जनरेटर घे रे बाबा. नाहीतर निदान लाईट गेली की बोंबलणारा सायरन, बॅटरीवर चालतो, किरकोळ खर्च. पोरगं झोपलं तरी उठतंय.

तालमीतला
ट्रॅक्टर दारात असेल तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा पॅडल एरेटर मिळतो म्हणे, खरं का?

खाडीकाठ
मिळतो, आंध्रात पाहिलाय. जनरेटर दुरुस्तीला गेला तर जोडता येतो. पण ट्रॅक्टर त्या रात्री उसाच्या खेपेला गेलेला नसला पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे ते कठीणच.

तळ्यावरचा_दादू
अपडेट. जास्तीचे एरेटर लावून, मधला गाळ काढून तळाचा डीओ पहाटे ४ च्या पुढं टिकतोय. मऊ कोळंबी अजून थोडी सापडतेय पण रोज कमी. कालपासून थोडं फीड चालू केलं, ट्रे साफ झाला. पांढऱ्या शेपटीची सगळी मेली नाही, काही सुधरल्यात असं वाटतंय. वायरमनकडून ऑटो परत बसवून घेतला, प्रिव्हेंटरसकट. जनरेटर दोघांत मिळून बघतोय, शेजारच्या मळ्यातल्या काकांना पण तळं मारायचंय.

झूलॉजी_मास्तर
काकांना सांगा आधी पाण्याचा रिपोर्ट आणि विजेची सोय, मग कागद. आणि पुढच्या पौर्णिमेच्या आधीच फीड हलकं करा.

पांढरा_रस्सा
सगळं झालं, लोकेशन अजून टाकलं नाही. किलोला दर काय धरलाय ते तरी सांग.

तळ्यावरचा_दादू
काउंट बघून सांगतो रस्सा. तुला फुकट नाही एवढं आत्ताच सांगून ठेवतो 😄